अमेरिकेतलं तिकीटवाटप : उत्साह मतदारांचा, भांडण घरातलं

मागच्या अंकात २००८ सालच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीवर, म्हणजे बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांच्यात पक्षाच्या उमेदवारीसाठी पाच महिने चाललेल्या लढतीवर लेख होता. त्यावर बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं देत आहोत.

आपल्याकडे तिकीट वरून ठरतं. अमेरिकेत ते सामान्य मतदार ठरवतो असं लेखात होतं. हा मतदार पक्षाचा सभासद असतो का? पावती वगैरे फाडावी लागते का? (सांगली)

पावती नाही, वर्गणीही नाही. मतदार म्हणून नाव नोंदवतानाच बऱ्याच राज्यांत अर्जावर एक रकाना असतो : डेमोक्रॅट, रिपब्लिकन, इतर, किंवा कोणताच नाही. त्यावर खूण केली की झालात तुम्ही त्या पक्षाचे. मिशिगन, टेक्सास, विस्कॉन्सिनसारख्या राज्यांत तेवढीही नोंद नसते. मतदानाला जाऊन दोनपैकी एका पक्षाची प्रायमरी निवडायची. न्यू हॅम्पशायरमध्ये ज्यांनी पक्ष नोंदवलेला नाही त्यांना त्या दिवशी कोणतीही एक मतपत्रिका घेता येते. फ्लॉरिडा, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क इथे मात्र दार बंद : पक्षात आधी नोंद असेल तरच मत.

गडबड होते ती मुदतीत. २०१६ मध्ये न्यूयॉर्कची प्रायमरी १९ एप्रिलला होती, पण आधीच नोंद असलेल्या मतदाराला पक्ष बदलायचा, तर त्याची मुदत २०१५ च्या ऑक्टोबरातच संपली होती. तोवर कोण उमेदवार आहेत हेसुद्धा लोकांना धड माहीत नव्हतं. डोनाल्ड ट्रम्प यांची मुलं इव्हांका आणि एरिक या दोघांनाही त्यामुळे स्वतःच्या वडिलांना मत देता आलं नाही. नव्या उमेदवाराच्या मागे जो नवा मतदार येतो तो नेमका या मुदतीत सापडतो, आणि मग ‘आम्हाला मुद्दाम अडवलं’ ही पक्षांतर्गत भांडणाची पहिली ठिणगी पडते. नियम जुना असतो, कोणा एकाविरुद्ध केलेला नसतो. पण रांगेत उभं राहून परत पाठवलेल्या माणसाला हे कोण पटवणार?

आयोवात मतपेटी नसते, लोक कोपऱ्यात उभे राहतात म्हणे. हे मोजतात तरी कसं? (नागपूर)

डेमोक्रॅट पक्षाची आयोवातली जुनी पद्धत तशीच होती. तिला कॉकस म्हणतात. २००८ मध्ये ३ जानेवारीच्या रात्री राज्यभर सतराशेहून जास्त ठिकाणी, शाळांच्या व्यायामशाळांत, चर्चच्या सभागृहांत, ग्रंथालयांत, ही सभा भरली. ठीक सातला दार बंद. सातच्या आत रांगेत असलात तर आत घ्यायचे, नंतर आलात तर नाही. नाव नोंदवणं, पक्ष बदलणं हे त्याच रात्री दारावर करता यायचं. नोव्हेंबरच्या मतदानापर्यंत अठरा पूर्ण होणार असतील तर सतरा वर्षांची मुलंही बसू शकायची. त्या वर्षी कॉलेजातली आणि शाळेतली मुलं लोटली त्यामागे ही सवलत होती.

आता मोजणी. एका सभेचं उदाहरण घेऊ. दारावर १२० जणांची नोंद झाली आणि त्या केंद्राच्या वाट्याला ६ प्रतिनिधी आहेत. हे प्रतिनिधी पुढे जिल्ह्याच्या अधिवेशनाला जातात. टिकण्यासाठी १५ टक्के लागतात, म्हणजे इथे १८ माणसं. लोक आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात गेले : पहिल्याकडे ५०, दुसऱ्याकडे ३४, तिसऱ्याकडे २०, चौथ्याकडे १६. चौथा बसला. आता अर्धा तास फोडाफोडीचा, आणि तोही सगळ्यांसमोर : बाकीच्या कोपऱ्यांतले लोक त्या सोळा जणांकडे येऊन ‘आमच्याकडे या’ म्हणून मनधरणी करतात. शेजारी शेजाऱ्याला, मास्तर जुन्या विद्यार्थ्याला. समजा ९ जण तिसऱ्याकडे गेले, ५ दुसऱ्याकडे, आणि दोघं कंटाळून घरी गेले.

पुन्हा शिरगणती : ५०, ३९, २९. सूत्र असं : कोपऱ्यातली माणसं गुणिले ६, भागिले १२०. भागायचं ते सुरुवातीच्या नोंदीनंच. घरी गेलेले दोघंही त्यात धरायचे. पहिल्याला २.५ म्हणजे ३, दुसऱ्याला १.९५ म्हणजे २, तिसऱ्याला १.४५ म्हणजे १. अर्धा किंवा त्याहून जास्त असेल तर वरचा पूर्णांक. आता पहिल्या कोपऱ्यातला एकच माणूस तिसऱ्याकडे सरकला असता तर? ४९ चे २.४५, म्हणजे २. तीसचे १.५, म्हणजे तेही २. एका माणसानं पाय उचलला आणि ३-२-१ चे २-२-२ झाले. म्हणून प्रत्येक उमेदवाराचा केंद्रप्रमुख, म्हणजे आपल्याकडच्या बूथप्रमुखासारखा माणूस, कागद-पेन्सिल घेऊन सारखा गुणाकार करत असे. अनुभवी केंद्रप्रमुख आपल्याकडची जादा माणसं मुद्दाम दुसऱ्या कोपऱ्यात पाठवत असे, कारण ती गेल्यानं आपला आकडा बदलत नसे पण मुख्य प्रतिस्पर्ध्याचा कमी होई. प्रतिनिधी चारपेक्षा कमी असतील तर टिकण्याचा उंबरठाही वाढायचा : तीनला एक षष्ठांश, दोनला २५ टक्के.

ही पद्धत पाहायला फार सुंदर, पण तिच्यात दोष मोठे होते आणि ते स्पष्ट सांगायला हवेत. रात्रपाळीची नर्स, दुकानातला नोकर, तान्ह्या मुलाची आई, बर्फात बाहेर न पडू शकणारे आजोबा, यांना मत नव्हतं. शेजारी, मालक, सासू सगळ्यांसमोर उभं राहावं लागे. २०२० मध्ये तर निकाल कळवण्यासाठी आणलेलं मोबाइल ॲप ऐन रात्री बिघडलं, दूरध्वनीच्या ओळी तुंबल्या आणि निकालाला अनेक दिवस लागले. पीट बुटिजज आणि बर्नी सँडर्स या दोन्ही उमेदवारांनी विजयाचा दावा केला. त्यानंतर पक्षानं देशात सगळ्यांत आधी कौल देण्याचा आयोवाचा मान काढून घेतला आणि २०२४ मध्ये तिथल्या डेमोक्रॅटांचं मतदान टपालानं झालं.

क्लिंटन यांनी कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, ओहायो, पेनसिल्व्हेनिया अशी मोठमोठी राज्यं जिंकली. मग हरल्या कशा? (कोल्हापूर)

कारण राज्यं मोजत नाहीत, डेलिगेट (पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) मोजतात, आणि डेमोक्रॅट पक्षात ते मतांच्या प्रमाणात वाटले जातात. त्यातही बहुतेक डेलिगेट संपूर्ण राज्याचे नसून एकेका मतदारसंघाचे असतात. जिथे ४ डेलिगेट आहेत तिथे दोघांच्या लढतीत ६० टक्के मतं घेऊनही २-२ होतात. ३-१ व्हायला साडेबासष्ट टक्के लागतात. जिथे ५ आहेत तिथे ५१ टक्क्यांना ३-२. म्हणजे सम संख्येच्या मतदारसंघात हाताखालची माणसं झिजवण्यात अर्थ नाही, विषम संख्येच्या मतदारसंघात झिजवावीत. ओबामांच्या मोहिमेनं हा हिशेब आधी मांडला, क्लिंटन यांच्या मोहिमेनं उशिरा.

५ फेब्रुवारी २००८ च्या ‘सुपर ट्यूजडे’चे, म्हणजे एकाच दिवशी अनेक राज्यांत झालेल्या मतदानाचे, दोन निकाल शेजारी ठेवून पाहा. न्यू जर्सीत अकरा लाखांहून जास्त डेमोक्रॅटांनी मतदान केलं. क्लिंटन सुमारे दहा टक्क्यांनी जिंकल्या, पण डेलिगेट झाले ५९ विरुद्ध ४८, आघाडी ११ ची. त्याच दिवशी आयडाहोत कॉकस होता. सगळे मिळून सुमारे २१ हजार लोक आले, त्यांतले जवळजवळ ऐंशी टक्के ओबामांचे. डेलिगेट १५ विरुद्ध ३, आघाडी १२ ची. आयडाहो हे पक्कं रिपब्लिकन राज्य, नोव्हेंबरात तिथे डेमोक्रॅट जिंकणार नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून क्लिंटन यांच्याकडून तिथे कोणी फारसं फिरकलं नाही. ओबामांनी कार्यालय उघडलं, माणसं नेमली, स्वतः सभा घेतली. मतदारांचा उत्साह दोन्हीकडे होता. तो डेलिगेटच्या हिशेबात कुठे कामी येईल हे एकाच मोहिमेनं पाहिलं.

टेक्सासमध्ये तर एकाच दिवशी प्रायमरीही आणि कॉकसही. प्रायमरी क्लिंटन जिंकल्या, कॉकस ओबामा जिंकले, आणि एकूण डेलिगेट ओबामांचे जास्त झाले.

रिपब्लिकन पक्षात तेव्हा अनेक राज्यांत ‘पहिला येईल त्याला सगळं’ असा नियम होता. जॉन मॅकेन यांनी फ्लॉरिडात ३६ टक्के मतं घेऊन सगळेच्या सगळे ५७ डेलिगेट उचलले. ४ मार्चला त्यांची उमेदवारी पक्कीही झाली. डेमोक्रॅटांचं भांडण जूनपर्यंत लांबलं त्याला नेत्यांच्या स्वभावाइतकंच हे वाटपाचं सूत्र कारण आहे. प्रमाणात वाटप म्हटलं की मागे पडलेला माणूसही रोज थोडं थोडं कमावत राहतो. त्यानं का सोडावं?

प्रायमरीला प्रचंड गर्दी झाली म्हणजे तो पक्ष जिंकणार, असं समजायचं का? (नाशिक)

नाही. आयोवात २००४ मध्ये डेमोक्रॅट कॉकसला सुमारे १ लाख २४ हजार लोक आले होते, २००८ मध्ये सुमारे २ लाख ३९ हजार, आणि ते वर्ष पक्षानं जिंकलं, हे खरं. पण १९८८ मध्येही डेमोक्रॅटांच्या प्रायमरीत रिपब्लिकनांपेक्षा कितीतरी जास्त मतं पडली होती आणि नोव्हेंबरात थोरले जॉर्ज बुश निवडून आले. जिथे चुरस तिथे गर्दी. गर्दीतून पाहायचं ते दुसरंच : नव्यानं नाव नोंदवलेले किती, त्यांचे पत्ते आणि फोन नंबर कोणाकडे आले. २००८ ची लढत जूनपर्यंत चालल्यामुळे इंडियाना आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांतही मेमध्ये खरी लढत झाली, लाखो नवे मतदार नोंदले गेले, कार्यालयं उघडली गेली. एरवी तिथे डेमोक्रॅट उमेदवार ढुंकून पाहत नसत. ही दोन्ही राज्यं त्या नोव्हेंबरात ओबामांनी थोडक्यात जिंकली.

विरोधी पक्षाचे लोक येऊन मुद्दाम दुबळ्या उमेदवाराला मत देत नाहीत का? (अकोला)

सांगणारे सांगतात. २००८ मध्ये रेडिओवरचे रश लिंबॉ यांनी रिपब्लिकन श्रोत्यांना सांगितलं होतं की क्लिंटन यांना मत द्या, म्हणजे भांडण लांबेल. इंडियानात क्लिंटन सुमारे १४ हजार मतांनी जिंकल्या तेव्हा त्याचीच चर्चा झाली. पण पलीकडच्या पेटीत मत टाकणाऱ्यांत खरोखर तो उमेदवार आवडलेलेही असतात आणि दोघांना वेगळं काढता येत नाही. आमच्या मते या भीतीला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व मिळतं.

मिशिगन-फ्लॉरिडाचा वाद नीट कळला नाही. आणि एवढं भांडून शेवटी एकत्र आले कसे? आपल्याकडे तर नाराज गट आतून पाडतो. (रत्नागिरी)

वाद तारखेवरून सुरू झाला. आयोवा, न्यू हॅम्पशायर, नेवाडा आणि साउथ कॅरोलिना सोडून कोणीही ५ फेब्रुवारीच्या आधी प्रायमरी घ्यायची नाही, असा पक्षाचा तेव्हाचा नियम. मिशिगननं १५ जानेवारीला घेतली, फ्लॉरिडानं २९ जानेवारीला. नियमाप्रमाणे निम्मे डेलिगेट कापायचे. पक्षानं चिडून सगळेच कापले. उमेदवारांनी दोन्ही राज्यांत प्रचार न करण्याचं कबूल केलं. ओबामांनी मिशिगनच्या मतपत्रिकेवरून नाव काढून घेतलं, क्लिंटन यांनी ठेवलं. निकाल : क्लिंटन ५५ टक्के, ‘कोणीच ठरवलेला नाही’ या रकान्याला ४० टक्के.

जानेवारीत हे कोणाला महत्त्वाचं वाटलं नाही. मेमध्ये जेव्हा प्रत्येक डेलिगेट मोलाचा झाला तेव्हा क्लिंटन यांच्या बाजूनं ‘प्रत्येक मत मोजा’ अशी मागणी उठली. ३१ मे रोजी वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात पक्षाच्या नियम समितीची बैठक झाली, टीव्हीवर थेट. प्रेक्षकांत क्लिंटन समर्थक ‘डेन्व्हर! डेन्व्हर!’ ओरडत होते, म्हणजे भांडण थेट ऑगस्टच्या अधिवेशनापर्यंत नेऊ. समितीनं मिशिगनचे डेलिगेट क्लिंटन यांना ६९ आणि ओबामांना ५९ असे वाटले, प्रत्येकाला अर्धं मत. मतदानाप्रमाणे ते ७३ आणि ५५ व्हायला हवे होते. क्लिंटन गटाला ते चार डेलिगेट हिसकावल्यासारखे वाटले, आणि खरं सांगायचं तर त्यांचा राग निराधार नव्हता. नाव मतपत्रिकेवर नसलेल्या माणसाला किती लोक मत देणार होते हे समितीनं अंदाजानं ठरवलं. पण उलट बाजूही तितकीच खरी : मोजलं जाणार नाही असं सांगितलेलं मतदान चार महिन्यांनी मोजायला काढलं, तर त्या दिवशी घरी बसलेल्या मतदारानं काय करावं? खेळ सुरू झाल्यावर नियम हलवला की न्याय कुठल्याच बाजूनं पूर्ण होत नाही.

३ जूनला ओबामांनी बहुमताचा आकडा गाठला. ७ जूनला क्लिंटन यांनी मोहीम ‘स्थगित’ केली. माघार न म्हणता स्थगित म्हणायचं कारण व्यवहाराचं आहे : डेलिगेट आपले राहतात आणि कर्ज फेडायला देणग्या घेता येतात. त्यांच्या मोहिमेवर दोन कोटी डॉलरहून जास्त देणं होतं. ओबामांनी आपल्या मोठ्या देणगीदारांना ते फेडायला मदत करा म्हणून सांगितलं, स्वतःचा धनादेशही दिला. २७ जूनला दोघांची पहिली एकत्र सभा झाली ती न्यू हॅम्पशायरमधल्या युनिटी नावाच्या गावात. गावाच्या नावाचा अर्थ एकी, आणि तिथल्या प्रायमरीत दोघांना नेमकी १०७-१०७ मतं पडली होती.

अधिवेशनात क्लिंटन यांचं नाव रीतसर पुकारलं गेलं, हा भाग आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्यांच्या डेलिगेटांना आपलं मत नोंदवता आलं. मिशिगन आणि फ्लॉरिडाच्या डेलिगेटांना पूर्ण मत परत दिलं. २७ ऑगस्टला राज्यांची हाक सुरू असताना न्यू मेक्सिकोनं आपली पाळी इलिनॉयला दिली, इलिनॉयनं न्यूयॉर्कला, आणि न्यूयॉर्कच्या रांगेत उभ्या राहून क्लिंटन यांनीच मतमोजणी थांबवून ओबामांना एकमुखानं उमेदवार करण्याचा ठराव मांडला. हरलेल्या गटाला आधी मोजून घेतलं, मग त्यांच्याच नेत्याच्या तोंडून एकी आली. नाराजी संपली नाही, पण तिला मान मिळाला.

२०१६ ला उलट झालं. त्या वर्षी उमेदवारीसाठी क्लिंटन यांच्याविरुद्ध लढलेल्या सँडर्स यांच्या मतदारांना सुरुवातीपासून सुपरडेलिगेट खुपत होते. हे पक्षाचे खासदार, गव्हर्नर, पदाधिकारी. कोणालाही मत द्यायला मोकळे. एकही मत पडण्याआधी त्यांतले शेकडो जण क्लिंटन यांच्या बाजूनं जाहीर झाले आणि वाहिन्या ते आकडे पहिल्या दिवसापासून बेरजेत दाखवत राहिल्या. अधिवेशनाच्या तोंडावर पक्ष कार्यालयातली ईमेल विकिलीक्सनं बाहेर काढली. त्यांत सँडर्स यांच्याविषयी कर्मचाऱ्यांचा आकस दिसत होता, आणि पक्षाध्यक्ष डेबी वासरमन शुल्ट्झ यांना जावं लागलं. सँडर्स यांनी स्वतः पाठिंबा दिला, ठरावही मांडला, तरी सभागृहातले त्यांचे बरेच डेलिगेट निवळले नाहीत. दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, नियम बदलला : निकाल आधीच स्पष्ट नसेल तर सुपरडेलिगेटांना पहिल्या फेरीत मत नाही. तक्रार रास्त होती हेच त्यातून पक्षानं मान्य केलं, पण दोन वर्षं उशिरा.

बेळगावचे श्री ठाणेदार अमेरिकन काँग्रेसमध्ये गेले. तेही प्रायमरीतूनच का? (बेळगाव)

हो. ती अध्यक्षपदाची नव्हे, काँग्रेसची प्रायमरी. तरी फाटाफूट कशी चालते ते तिथे स्वच्छ दिसतं. ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उभे होते आणि तिसरे आले. २ ऑगस्ट २०२२ ला डेट्रॉइट भागातल्या १३ व्या मतदारसंघात नऊ उमेदवार होते. ठाणेदारांना सुमारे २८ टक्के मतं मिळाली आणि तेवढ्यावर ते जिंकले, कारण मिशिगनमध्ये दुसरी फेरी नसते. जॉर्जिया किंवा टेक्सासमध्ये पन्नास टक्के झाले नसते म्हणून पहिल्या दोघांत पुन्हा लढत झाली असती. मतदारसंघ डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला, त्यामुळे खरी निवडणूक ऑगस्टमध्येच झाली. कृष्णवर्णीय नेत्यांनी एकच उमेदवार द्यायचे प्रयत्न केले होते, पण अनेक जण उभे राहिलेच. कित्येक दशकांत प्रथमच डेट्रॉइटला काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी राहिला नाही, याची सल तिथे अजून आहे. २०२४ मध्ये मागचे दुसऱ्या क्रमांकाचे उमेदवार ॲडम हॉलियर यांचा अर्जच बाद झाला : मतदारांच्या १ हजार वैध सह्या लागतात, त्या भरल्या नाहीत. सह्या नेहमी लागतात त्यापेक्षा बऱ्याच जादा गोळा कराव्यात आणि भरण्याआधी मतदारयादीशी ताडून पाहाव्यात, हे तिथला प्रत्येक कार्यकर्ता जाणतो.

असा प्रयोग आपल्याकडे कधी झाला का? (वर्धा)

तुमच्याच गावी झाला. २०१४ च्या लोकसभेआधी काँग्रेसनं देशातल्या मोजक्या मतदारसंघांत प्रायमरी घेतली, महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर इथे. मत सामान्य मतदाराला नव्हतं, पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना आणि प्रतिनिधींना होतं. दोन्ही जागा पक्षानं गमावल्या, पण त्या वर्षीच्या लाटेत दोष पद्धतीवर टाकणं बरोबर नाही.

मुलगा न्यू जर्सीत एच-वन-बी व्हिसावर आहे. त्याला प्रचारात भाग घ्यायचा आहे. चालेल का? सून अमेरिकन नागरिक आहे, सध्या आमच्याकडे आहे. ती इथून प्रायमरीत मत देऊ शकेल का? (ठाणे)

मुलानं बिनपगारी काम करायला हरकत नाही : फोन करणं, दारोदार जाणं, सभेची व्यवस्था. पैसा कुठे आणि कसा खर्चायचा या निर्णयात मात्र भाग घेता येत नाही. देणगी तर एक डॉलरचीही नाही. समर्थक टोपी विकत घेणं हीसुद्धा देणगीच धरतात. ग्रीन कार्ड असेल तर देणगी चालते, मत चालत नाही. सगळ्यात जपायचं ते वाहन परवाना काढताना : तिथे मतदार नोंदणीचा प्रश्न येतो आणि घाईत ‘हो’ वर खूण होते. नागरिक नसताना नाव नोंदलं गेलं तर पुढे ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व दोन्ही अडचणीत येऊ शकतं. चुकून झालंच तर गप्प बसू नये, आधी इमिग्रेशन वकिलाला गाठावं.

सुनेला दोन वाटा आहेत. तिनं फेडरल पोस्टकार्ड अर्ज भरून आपल्या राज्याची मतपत्रिका मागवावी. हा अर्ज दर वर्षी नव्यानं करायचा, जानेवारीत केलेला बरा. डेमोक्रॅट असेल तर परदेशस्थ डेमोक्रॅटांच्या संघटनेची स्वतंत्र प्रायमरी असते, तिचे डेलिगेटही अधिवेशनाला जातात. मात्र दोन्हीकडे मत देता येत नाही; राज्याच्या प्रायमरीत दिलं तर इथे नाही, इथे दिलं तर तिथे नाही.